लाकडाची नक्षी पितळेत कापताना ब्लेड त्याच त्या जागी तुटतं? आधी कागद तपासा

सागवानात किंवा प्लायमध्ये स्क्रोल सॉवर (बारीक उभं ब्लेड वरखाली चालवून नक्षी कापणाऱ्या मशीनवर) सुरेख उतरलेली नक्षी तशीच उचलून पितळेच्या पत्र्यावर चिकटवली, की ब्लेडं तुटायला लागतात. नवं लावावं, चार वळणं जावीत आणि पुन्हा ‘टक्’. गती कमी करून होते, ताण वाढवून होतो, महागातली ब्लेडं आणून होतात, तरी तेच. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ही तक्रार मला सांगितली आहे. त्याआधी मी स्वतः तिच्यात चांगली अडकले होते. म्हणून जे सापडलं ते नीट लिहून ठेवते आहे.

माझं प्रकरण असं. आमच्या घरी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गणपतीच्या मखराला दोन्ही बाजूंनी जाळीच्या फळ्या लागतात. त्या मी सागवानात केल्या होत्या. समोरासमोर दोन मोर, मध्ये वेल, वेलीला पानं आणि पानांत शिरा. सहा मिलिमीटरची फळी आणि पाच नंबरचं ब्लेड घेऊन दोन संध्याकाळींत एक फळी झाली. पुढे सासूबाई म्हणाल्या, “यंदा पितळेत होतील का गं?” लोहिया बाजारातून १८ गेजचा पत्रा आणला, म्हणजे जाडी साधारण १.२ मिलिमीटर. त्याच नक्षीची झेरॉक्स वर चिकटवली आणि मशीन सुरू केलं. पहिल्याच मोराला अकरा ब्लेडं गेली आणि मोर अर्धाच झाला होता.

लाल ठिपके

बारावं ब्लेड लावण्याआधी मी थांबले. नक्षीची आणखी एक प्रत काढून ती मशीनसमोरच्या भिंतीवर लावली. ब्लेड जिथे तुटेल तिथे त्या प्रतीवर लाल पेनाने ठिपका द्यायचा आणि ब्लेड मधून तुटलं की चिमट्याजवळ (ब्लेडाची टोकं धरणाऱ्या जबड्याजवळ), हे ठिपक्याशेजारी लिहायचं, असं ठरवलं. आधीच्या अकरापैकी आठवतील तेवढेही टाकले. तीन दिवसांनी कागदावर २३ ठिपके होते. त्यातले १७ फक्त चार प्रकारच्या जागी होते: चोचीच्या आतला कोपरा, मानेला वेल टेकते ती खाच, दोन पानांची टोकं जवळ येतात ती जागा आणि शिरांची बंद टोकं. उरलेले सहा कुठेही विखुरलेले होते.

मला हवं होतं ते उत्तर त्या कागदावर मिळालं. विखुरलेले ठिपके मशीनचे असतात, घोळक्याने आलेले ठिपके नक्षीचे. तोवर मी सगळा दोष मशीनवर आणि ब्लेडांवर ढकलत होते. नक्षी सागवानात चालली होती, त्यामुळे तिच्यात खोट असेल असं वाटलंच नव्हतं. पण ती नक्षी आखणाऱ्याने लाकूड डोळ्यांसमोर ठेवून आखली होती. लाकूड जे सोसतं ते पत्रा सोसत नाही. तुमच्याकडे ही अडचण असेल तर दुसरं काहीही बदलण्याआधी हे ठिपके टाकून बघा. दहा-बारा ठिपक्यांत चित्र दिसायला लागतं.

विखुरलेले ठिपके असतील तर

हा भाग लवकर उरकते, कारण इथली दुरुस्ती सोपी आहे.

सगळ्यात आधी ब्लेड. लाकडाच्या पाच नंबरच्या ब्लेडाला इंचाला साधारण १२ दात असतात, म्हणजे दोन दातांमध्ये दोन मिलिमीटर अंतर. पत्रा १.२ मिलिमीटरचा असेल तर बराच वेळ एकही दात पत्र्यात नसतो. मग पुढचा दात वरून येऊन काठावर आपटतो. पत्रा उडतो, दात जातात, नाहीतर ब्लेडच जातं. पत्र्याच्या जाडीत कायम साधारण दोन तरी दात असले पाहिजेत. त्यासाठी सोनार वापरतात ती आरीची पाती घ्यायची. १ नंबरच्या पात्याला इंचाला पन्नासच्या आसपास दात असतात, २/० ला ५६ आणि ४/० ला ६६. १८ गेजला मी १ नंबर वापरते, २२ गेजच्या ०.७ मिलिमीटर पत्र्याला ४/०. या पात्यांची लांबी साधारण १३० मिलिमीटर असते, म्हणजे स्क्रोल सॉच्या ब्लेडाएवढीच. फक्त त्यांच्या टोकांना पिन नसते. तुमचं मशीन पिनवालंच ब्लेड घेत असेल तर आधी बिनपिनेचे चिमटे बसवावे लागतील. दात खालच्या बाजूला वळलेले आहेत ना, हे बोट फिरवून बघा. उलटं लागलेलं पातं पत्रा वर उचलतं, आणि बारीक दातांमुळे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

मग गती. मशीनचा स्ट्रोक, म्हणजे पातं एका दिशेला जेवढं सरकतं ते अंतर, १९ मिलिमीटर आणि गती मिनिटाला १५०० स्ट्रोक असेल, तर वर-खाली मिळून पातं मिनिटाला ५७ मीटर धावतं. लाकडाला ते ठीक आहे. पितळेला मी ५०० च्या वर जात नाही, म्हणजे मिनिटाला १९ मीटर. ॲल्युमिनियमलाही तेवढीच ठेवते. चार-पाच सेंटिमीटर कापून पातं बोथट होत असेल तर बहुतेक वेळा गती जास्त असते.

पातं चिमट्याजवळ तुटत असेल तर वरचा आणि खालचा चिमटा एका रेषेत नाहीत, किंवा स्क्रू इतका आवळला आहे की तिथे पातं चेंबलं. मधून तुटत असेल तर ताण कमी असेल किंवा हाताचा बाजूने दाब पडत असेल. ताण बरोबर असेल तर नखाने छेडल्यावर बारीक, उंच ‘टिंग’ येतो. ‘टप्प’ असा मेलेला आवाज आला की अजून आवळायचं. बारीक पात्याला लाकडाच्या ब्लेडापेक्षा जास्त ताण लागतो आणि ते तो सोसतंही.

सहा विखुरलेल्या ठिपक्यांपैकी माझे चार चिमट्याचे निघाले. चिमट्याच्या जबड्यात तेल गेलं होतं आणि पातं सरकत होतं. थिनरने पुसल्यावर ते थांबलं.

आता खरी गोष्ट: आतले कोपरे

लाकडात टोकदार कोपरा आला की आपण फळी ब्लेडाभोवती गर्रकन फिरवतो. ब्लेडाची पाठ लाकडाचे धागे चेपून स्वतःपुरती जागा करून घेते, म्हणून ते फिरतं. पितळ चेपलं जात नाही. १ नंबरचं पातं ०.६३ मिलिमीटर रुंद आणि ०.३० जाड आहे. म्हणजे ते जो काप पाडतं तो ०.३ पेक्षा जेमतेम जास्त. पण तेच पातं जागच्या जागी वळवायचं तर त्याचा कर्ण मावला पाहिजे, आणि तो ०.७० मिलिमीटर आहे. ०.३ च्या फटीत ०.७ मावणार कुठून? आपण पत्रा फिरवतो, पातं वळायला नकार देतं, त्याला पीळ बसतो आणि कडक पोलादाची ती तार मोडते. माझ्या चोचीतले सहा ठिपके एवढ्या एका हिशेबात उलगडले.

सराफ्यात एका सोनारकाकांच्या दुकानात मी बराच वेळ बसून त्यांचा हात बघितला. कोपऱ्यावर आले की त्यांची आरी पुढे जायची थांबते, पण वरखाली चालूच राहते. दुसऱ्या हाताने दागिना हळूहळू वळतो. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ताई, कोपऱ्यात पुढे ढकलायचं नाही. आधी तिथल्या तिथे चालू द्या, तिला जागा होऊ द्या, मग वळवा.” जागच्या जागी चालणारी आरी दातांनीच आपल्यापुरतं वर्तुळ मोकळं करते. मशीनवर हे जमतं, पण गती अगदी तळाशी असेल तरच. आणि एका पानाला आठ कोपरे असतील तर आठही वेळा हात तेवढा स्थिर राहत नाही.

म्हणून कोपऱ्याचं काम मी मशीनवर न सोडता कागदावरच उरकते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: कोपरा भोकाने गोल करायचा. आतल्या प्रत्येक टोकदार कोपऱ्यात, दोन्ही रेषांना आतून टेकेल असं दीड मिलिमीटरचं वर्तुळ कागदावर काढायचं आणि आधी तिथे ड्रिल मारायचं. पातं त्या भोकात पोचलं की त्याला वळायला मोकळी जागा असते. लांबून पाहणाऱ्याला कोपरा टोकदारच दिसतो. चोचीच्या बाबतीत मी तर ते भोक मुद्दाम थोडं मोठं ठेवलं. आता मोराने चोचीत दाणा धरल्यासारखा वाटतो, आणि सासूबाईंना मूळ चोचीपेक्षा तीच जास्त आवडली.

दुसरा मार्ग टोक खरंच धारदार हवं असेल तेव्हाचा: कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी यायचं. भोक कोपऱ्यात न पाडता टाकाऊ भागाच्या मध्यावर पाडायचं. एका रेषेवरून कोपऱ्यापर्यंत जायचं, तीन-चार मिलिमीटर मागे यायचं, टाकाऊ भागातून गोल वळण घेऊन दुसरी रेष गाठायची आणि कोपऱ्यापासून दूर कापत जाऊन तुकडा पाडायचा. कोपऱ्यात उरलेला छोटा त्रिकोण मग दुसऱ्या बाजूने येऊन काढायचा. यात पातं कुठेच जागेवर वळत नाही. फक्त ही वाट कागदावर बाण काढून आधी ठरवावी लागते. पत्रा मशीनवर असताना ती सुचत नाही.

पानाच्या शिरा

लाकडाच्या नक्षीत शिरा म्हणजे एक रेघ. ब्लेड आत न्यायचं, तसंच मागे आणायचं, झाली शीर. सहा मिलिमीटर खोल फटीत काळी सावली पडते आणि शीर उठून दिसते. पत्र्यात ती फट १.२ मिलिमीटर खोल आणि ०.३ रुंद. त्यावर पॉलिश केलं की दोन पावलांवरून ती ओरखड्यासारखी दिसते. म्हणजे ब्लेड मोडून मोडून केलेली मेहनत दिसतच नाही, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं.

शिवाय तिथून मागे येणं हा वेगळा त्रास. पात्याच्या पाठीला दात नसतात. बारीक फटीत मागे येताना किंचित जरी वाकडं झालं तरी पाठ अडकते, पत्रा वर उचलला जातो आणि पातं मोडतं. शिरांच्या बंद टोकांवरचे पाचही ठिपके मागे येतानाचे होते.

यावर मी आता असं करते. मोठ्या पानात शिरेला डोळ्याच्या आकाराची फट करते: मध्ये दीड मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकांना एक-एक मिलिमीटरचं भोक. फटीला दोन वेगळ्या कडा असल्यामुळे पातं एका कडेने जातं आणि दुसरीने परत येतं, मागे घ्यावंच लागत नाही. लहान पानात शीर कापतच नाही. तिथे भोकांची ओळ घेते, देठाजवळ दीड मिलिमीटरचं, मग सव्वाचं आणि टोकाला एकचं. मागे दिवा असला की ही ठिपक्यांची शीर फार सुंदर दिसते, आणि मखरात मागे दिवा असतोच. ज्यांच्याकडे कोरणी चालवायचा हात आहे त्यांनी शिरा खुशाल कोरून काढाव्यात. मला ते येत नाही.

मोकळी बोटं, आणि हजिऱ्यातली जाळी

वेलीचे तणावे, पिसाऱ्यातली पिसं, पानांची टोकं हे सगळे एका टोकाला धरलेले आणि दुसऱ्या टोकाला मोकळे भाग. मी त्यांना बोटं म्हणते. पितळ लाकडापेक्षा मजबूत असतं, म्हणून मला वाटायचं की पितळेत ही बोटं अजून बारीक चालतील. ती तुटत नाहीत हे खरं, पण वाकतात. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सहा मिलिमीटरची फळी आणि १.२ मिलिमीटरचा पत्रा यांच्या जाडीत पाच पटींचा फरक आहे, म्हणजे ताठपणात सव्वाशे पटींचा. पितळ मूळचं साधारण दहापट ताठ आहे, त्याने त्यातलं काही भरून निघतं. तरीही त्याच आकाराची पत्र्याची पट्टी सागवानापेक्षा दहापटीहून जास्त लवते. पातं वर येताना बोट वर खेचलं जातं, खाली जाताना खाली, आणि सगळा पत्रा थरथरतो. त्या थरथरीत पातं जातं, आणि नाही गेलं तरी बोट वेडंवाकडं होऊन बसतं. लाकूड वाकलं तर परत सरळ होतं. पितळ वाकलं की वाकलेलंच राहतं.

याचं उत्तर मला आमच्याच गावात मिळालं. हजिऱ्याला सूफी संत मुहम्मद गौस यांचा मकबरा आहे, सोळाव्या शतकातला, अकबराच्या काळातला. तानसेनाची कबर त्याच आवारात आहे, त्यामुळे आम्ही लहानपणापासून तिथे जात आलो आहोत. चारी बाजूंना दगडी जाळ्या. मी त्या शेकडो वेळा पाहिल्या असतील, पण कापायच्या नजरेने त्या वर्षी पहिल्यांदा पाहिल्या. त्या भौमितिक जाळ्यांत एकही बोट मोकळं नाही. प्रत्येक पट्टी दुसऱ्या पट्टीतून निघते आणि तिसऱ्या पट्टीत जाऊन मिळते. दगड ठिसूळ. सुटं टोक ठेवलं असतं तर छिन्नीच्या घावाने ते उडालं असतं. माझा पत्रा ठिसूळ नाही, लवचीक आहे, पण उपाय तोच लागू पडतो: टोक बांधा.

घरी येऊन मी नक्षीतल्या प्रत्येक मोकळ्या बोटाला पेन्सिलने शेजार शोधला. तणावा पुढे नेऊन पानाला टेकवला. पिसाऱ्यातली पिसं टोकाशी एका बारीक कमानीने जोडली. चोचीची वरची पाकळी वेलीच्या कळीला लावली. हिशेबाने बघितलं तर मोकळं बोट टोकाशी दाबल्यावर जेवढं वाकतं, त्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढीच तेवढ्या लांबीची दोन्हीकडे बांधलेली पट्टी मधोमध दाबल्यावर वाकते. जिथे बांधायला शेजारच नव्हता, तिथे बोट आखूड केलं. लांबी निम्मी केली की वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. चित्र बदलतं हे मान्य, पण जोडलेला पिसारा मला आता जास्त मोरासारखा वाटतो.

याच्या उलट एक फायदाही होतो. लाकडाला धागा असतो, म्हणून नक्षी आखणारा धाग्याला आडव्या जाणाऱ्या पट्ट्या मुद्दाम जाड ठेवतो किंवा मध्ये जास्तीचे जोड देतो. पत्र्याला असा धागा नाही. असे निव्वळ धाग्यापोटी दिलेले जोड ओळखून काढून टाकता येतात. माझ्या नक्षीत मूळच्या ९६ खिडक्या, म्हणजे आतून कापून काढायचे भाग, होत्या. काही जोड काढून आणि लहान खिडक्या एकत्र करून त्या ६१ वर आणल्या. प्रत्येक खिडकीला एक भोक, एकदा पातं सोडणं-ओवणं-ताणणं. ३५ वेळा ते वाचलं, आणि पातं ओवताना मुरगळण्याचा धोकाही तेवढ्या वेळा टळला.

पट्टी किती बारीक चालते? १.२ मिलिमीटरच्या पत्र्यात मी दोन मिलिमीटरच्या खाली जात नाही. दोन पानांची टोकं जवळ येतात तिथे ही मर्यादा नकळत मोडते. टोकं निमुळती होत जाऊन मध्ये अर्ध्या मिलिमीटरची धातूची चिंधी उरते आणि ती पात्याबरोबर वर येते. टोक दोन मिलिमीटर आधीच कापून गोल करायचं, एवढंच.

झेरॉक्स लहान करताना

लाकडाची मोठी नक्षी धातूसाठी बहुतेक जण लहान करतात, कारण पत्रा महाग आणि जड. माझा २० बाय ३० सेंटिमीटरचा पत्रा कापण्याआधी सहाशे ग्रॅमच्या वर होता. पण नक्षी ७० टक्क्यांवर आणली की तीन मिलिमीटरची पट्टी २.१ ची होते, आणि दोन मिलिमीटरची १.४ ची. कोपऱ्याची गोलाईही तेवढीच आखडते. म्हणून आधी टक्के ठरवू नका. नक्षीतली सगळ्यात बारीक पट्टी शोधा, ती लहान झाल्यावर किती राहील ते बघा आणि त्यावरून टक्के ठरवा. दुरुस्त्या नेहमी लहान केलेल्या प्रतीवर करा. मूळ प्रतीवर दीड मिलिमीटरचं काढलेलं भोक झेरॉक्सनंतर एकचं होतं, आणि मग ड्रिलचं माप चुकतं.

पत्र्याला आधार

नक्षी सुधारली तरी पत्र्याला खालून आधार लागतोच. मशीनच्या टेबलातली फट लाकडासाठी केलेली असते. पत्रा तिच्यात खाली दबतो. टेबलावर सनमायकाचा एक तुकडा डबल टेपने चिकटवा आणि त्यात पात्यापुरतं एक मिलिमीटरचं भोक पाडा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि थरथर निम्मी होते. याने आणखी एक होतं. टेबल थोडं वर आल्यामुळे पात्याचा न झिजलेला भाग वापरात येतो.

पत्र्याखाली तीन मिलिमीटरचा प्लायही मी लावते. काही जण वरही प्लाय लावतात, आणि बोटं जास्त असतील तर ते बरंच. पण इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: प्लायमध्ये दाबलाय म्हणजे लाकडाचं ब्लेड चालेल. चालत नाही. पत्र्याच्या जाडीत किती दात, हा हिशेब पत्र्यापुरताच करायचा, प्लाय धरायचा नाही. प्लायने फक्त पत्रा दबून राहतो आणि खालच्या काठाला बर (कापताना काठावर उठणारी धातूची खरखरीत कडा) कमी येते. उलट दोन्हीकडे प्लाय असला की बारीक दातांत लाकडाचा भुसा अडकतो. तेव्हा २/० न घेता १ किंवा ३ नंबर घ्या.

पत्रा आणि प्लाय एकत्र धरायला मी टाकाऊ भागात बारीक स्क्रू मारते. डबल टेपचा गोंद दातांना चिकटतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की तो टेप आपोआपच सरकायला लागतो. लाकूड कापताना अनेक जण मशीनचा, फळी वरून दाबून धरणारा पाय काढून ठेवतात. धातूला तो लावाच.

भोकं आणि क्रम

प्रत्येक भोकाला आधी सेंटर पंचाची टिंब द्या, नाहीतर १.२ मिलिमीटरचं ड्रिल पितळेवर घसरतं आणि मोडतं. भोकाच्या खालच्या बाजूला येणारी बर पाच मिलिमीटरचं ड्रिल बोटांनी फिरवून काढून टाका. बर राहिली की पत्रा टेबलावर सपाट बसत नाही आणि प्रत्येक स्ट्रोकला टकटक होते. मला हे कारण सापडायला एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

कापायला मधून सुरुवात करायची आणि बाहेर यायचं. लहान खिडक्या आधी, मोठ्या शेवटी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. मोठी खिडकी आधी कापली की शेजारचा सगळा भाग लवचीक होतो आणि मग त्यातली बारीक कामं करता येत नाहीत. मी प्रत्येक खिडकीत कागदावर क्रमांक घालते, १ ते ६१.

उरलेल्या बारीक तक्रारी

कागद सुटतो: पत्र्यावर कारखान्याचं तेल असतं. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून थिनरने पुसा आणि मगच चिकटवा. पात्याला तेल लावाल तर ते कागदाखाली जाईल. मी मेणबत्तीचा तुकडा पात्याच्या पाठीला आणि बाजूंना फिरवते, दर दोन-तीन खिडक्यांनंतर.

काप सतत एका बाजूला ओढला जातो: चिमटे सरळ असतील तर पत्रा किंचित तिरका धरून ढकलायची सवय करा. लाकडाच्या ब्लेडांना ही ओढ जास्त असते, आरीच्या पात्यांना कमी.

तांबं किंवा शुद्ध ॲल्युमिनियम दातांत चिकटतं: हे मऊ धातू आहेत, कीस दातांत भरून बसतो. मेण जास्त लावा, गती अजून कमी करा. निवड तुमच्या हातात असेल तर अर्धकडक पितळ घ्या. स्टेनलेसच्या वाटेला मात्र जाऊ नका. ते कापता कापता आणखी कडक होत जातं आणि पाती संपतात.

चष्मा लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हे मी घरातल्या मुलांना बजावून ठेवलं आहे. पितळेचा कीस तोंडाने फुंकू नका, ब्रशने झाडा. तो चुंबकाला लागत नाही, त्यामुळे जमिनीवरून गोळा करायला ओलं फडकंच लागतं. आपण घरात अनवाणी फिरतो, आणि हा कीस तळपायात शिरला की दिसतही नाही.

दुरुस्त केलेल्या कागदावरून दुसरी फळी कापली तेव्हा चार पाती लागली. तीन बोथट झाली म्हणून बदलली, चौथं मोडलं. भिंतीवरच्या नव्या प्रतीवर एकच लाल ठिपका आहे, मानेला वेल टेकते त्या खाचेत. तिथलं भोक मी एक मिलिमीटरचं ठेवलं होतं. पुढच्या फळीच्या कागदावर ते दीडचं करून ठेवलं आहे.